पाचवा

इद्वाल किल्ली आणायला आत गेला
तेवढ्यात मी बॉनेटवर तळहात टेकवला.
गार. चांगलं लक्षण.
लबाड लोक आधीच तापवून ठेवतात इंजिन,
म्हणजे सकाळचा खोकला गिऱ्हाइकाला ऐकू येत नाही.
तो खिडकीतूनच म्हणाला,
'काल दुपारपासून हात लावला नाहीये. बघ खुशाल.'

बघितलं. मागच्या चाकावरच्या कमानीला गंज,
बोटाच्या पेराएवढा, रंगाखाली फुगलेला.
ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड झिजून
आतला स्पंज डोकावत होता:
वीस वर्षं एकच माणूस
त्याच बाजूनं चढला, उतरला.
एक लाख अडतीस हजार मैल.
आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही.
तारीख, लिटर, मैल,
शेवटच्या रकान्यात शेरा:

वारा समोरून.
मेंढ्या. थांबावं लागलं.
ब्रॉन्वेन सोबत. हळू चालवली.
ब्रॉन्वेन सोबत. हळू नाही.
काही नाही. नुसतं ऐकलं.

मी दात बनवते, कार्मार्थनच्या एका लॅबमध्ये.
केसाएवढी चूक माझ्या नखाला कळते.
पण ब्रिनअमनच्या वरच्या घाटात
त्यानं 'आता दाब' म्हटलं
आणि सहाही सिलिंडर एका रांगेत उठले,
जाड रेशीम एका दमात टरकावावं तसे,
तेव्हा मला काहीच कळून घ्यायचं नव्हतं.
दोन हजार तीनशे पौंड. घासाघीस केली नाही.

'एकटीला सहा सिलिंडर?' हेलेद म्हणाली.
तिच्याकडे पाच मांजरं आहेत.

हौसेला मोल नसतं म्हणतात.
असतं. माझ्याकडे पावत्या आहेत.
पाण्याचा पंप. मागच्या दोन्ही स्प्रिंगा.
लॅम्पीटरच्या बाजारात फुटलेली कूलंटची टाकी,
ती गोडसर वाफ, आणि एक म्हातारी
छत्रीच्या टोकानं मला डबकं दाखवत होती.
सिग्नलला थांबलं की जळक्या तेलाचा वास
आपल्याच गाडीचा, हे कबूल करायला मला एक हिवाळा लागला.
मायरिग मेकॅनिक बिलाचा आकडा सांगताना
माझ्याकडे बघत नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतो.

दर मार्चला, वार्षिक तपासणीच्या आठवड्यात,
इद्वालचा फोन.
माझी विचारपूस नाही, हवापाणी नाही.
'झाली पास?'
एकदा मी 'झाली' म्हणाले
तेव्हा ती ठोकळ्यांवर होती
आणि तिचं एक चाक गवतात आडवं पडलेलं.

या वर्षी त्याचा आवाज बारीक होता.
मागे ट्रॉलीची चाकं करकरत होती,
सूप हवं की नको, कुणीतरी मोठ्यानं विचारत होतं.
'सुरू कर ना जरा,' तो म्हणाला.
मी सपातांवरच बाहेर गेले. काचेवर हिमाची साय.
बॉनेट उघडून फोन इंजिनाजवळ धरला.
'अजून एकदा.'
मग काहीच नाही, कितीतरी वेळ.
मला वाटलं लाइन तुटली, नाहीतर तो रडतोय;
मी धीराचे दोन शब्द जुळवूनही ठेवले होते.

'पाचवा,' तो म्हणाला.
'पाचवा मागे राहतोय. दीडेक महिना झाला असेल.
तुला ऐकू येत नाही?'

येत होतं.
मी रेडिओ मोठा करत होते.

भंगारवाल्याकडून एक कॉइल, अठरा पौंड.
दहा मिनिटांचं काम, नख मोडलं तेवढंच.
रविवारी पेट्रोल भरलं, वहीत तारीख टाकली, लिटर, मैल.
शेवटचा रकाना रिकामा ठेवला.
वर घाटात मेंढ्या रस्ताभर पसरलेल्या, कुणाला घाई नाही.
थांबले. इंजिन चालू, रेडिओ बंद.